स्नॅपच्या आधी काय वाचायचं: डिफेन्सिव्ह बॅकसाठी खेळाची समज

अमेरिकन फुटबॉलमध्ये पास झेलणाऱ्या रिसीव्हरला आपण कुठं वळणार हे ठाऊक असतं, त्याला अडवणाऱ्या कॉर्नरबॅकला (डिफेन्सिव्ह बॅक म्हणजे मागच्या फळीतले बचावपटू, त्यांतला कडेचा) ते ओळखावं लागतं. ही तफावत नुसत्या वेगानं भरून निघत नाही. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागं देऊन डाव सुरू होण्याच्या, आधीच रूटच्या (रिसीव्हरच्या धावण्याच्या ठरलेल्या वाटेच्या) शक्यता नऊवरून दोन-तीनवर आणायच्या, हे या जागेवरचं खरं कौशल्य आहे आणि ते सरावानं येतं.

सुरुवात रूट ट्रीपासून, म्हणजे रूटच्या क्रमांकांच्या यादीपासून, करा. बहुतेक संघांत विषम आकड्यांचे रूट साइडलाइनकडे वळतात आणि सम आकड्यांचे आत: १ फ्लॅट, २ स्लँट, ३ कमबॅक, ४ कर्ल, ५ आउट, ६ डिग, ७ कॉर्नर, ८ पोस्ट. ९ म्हणजे सरळ खोल. पाठांतर एवढ्यावर थांबवू नका. प्रत्येक रूट किती यार्डांवर वळतो आणि चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या मागं टाकलेल्या किती पावलांशी जुळतो, हेही सोबत बसलं पाहिजे. सेंटरच्या (चेंडू मागं देणाऱ्याच्या) मागून चेंडू घेऊन त्यानं तीन पावलं टाकली, तर हिच (थोडं धावून चेंडूकडे वळणं), स्लँट, छोटा आउट. पाच पावलं टाकली, तर कर्ल, डिग, कमबॅक. शॉटगनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅक सेंटरपासून काही यार्ड मागं उभा असताना, यातून दोन पावलं वजा करा.

आता दर स्नॅपला डोळ्यांनी कोणत्या क्रमानं फिरायचं ते पाहू.

आधी डाउन (१० यार्ड पुढं जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा) आणि अंतर. तिसरा डाउन आणि ६ यार्ड हवे असतील, तर रिसीव्हर बहुधा ७-८ यार्डांवर वळेल, कारण पहिल्या डाउनची खूण ओलांडायचीच आहे. ती खूण कुठं आहे हे मान न वळवता सांगता आलं पाहिजे. तिसरा डाउन आणि ४ यार्ड असताना १० यार्ड मागं उभं राहणं ही नवख्यांची नेहमीची चूक. वळणापर्यंत धावून येईतो झेल झालेला असतो.

मग मैदानात कोण आलंय ते पाहा. ‘११’ म्हणजे एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), एक टाइट एंड (लाइनच्या टोकाशी उभा राहून ब्लॉकही करणारा आणि झेलही घेणारा), म्हणून तीन रिसीव्हर. ‘१२’ म्हणजे दोन टाइट एंड. इथं रन आणि त्याच्या बहाण्यानं टाकलेला पास, दोन्हींची तयारी हवी.

त्यानंतर स्प्लिट, म्हणजे रिसीव्हर साइडलाइनपासून किती लांब उभा आहे. मला विचाराल तर कॉर्नरसाठी सगळ्यात बोलकी खूण हीच, आणि सगळ्यात दुर्लक्षितही. मैदानावर रंगवलेल्या आकड्यांच्या दोन-तीन यार्ड आत तो उभा असेल, तर बाहेर मोकळी जागा त्यानं मुद्दाम राखलीय: आउट, कॉर्नर, नाहीतर मैदान आडवं कापणारा रूट. रन असेल तर आतल्या लाइनबॅकरला (बचावाच्या मधल्या फळीतला) किंवा सेफ्टीला (सगळ्यात मागचा बचावपटू) बाजूनं ब्लॉक करायला येण्यासाठीही तो असाच जवळ उभा राहतो. उलट आकड्यांच्या बाहेर, साइडलाइनजवळ असेल, तर बाहेर वळायला जागाच नाही. स्लँट, डिग, पोस्ट किंवा सरळ खोल. तिथं साइडलाइन तुमची जोडीदार आहे, म्हणून आतली बाजू धरा. मात्र तुमचं कव्हरेज, म्हणजे कुणी कुणाला किंवा कोणती जागा सांभाळायची ही योजना, वेगळं सांगत असेल, तर कव्हरेजचं ऐका. कव्हर २ मध्ये (मागं दोन सेफ्टी) कॉर्नर बाहेरून उभा राहून रिसीव्हरला आत ढकलतो, कारण मदत आत आहे. कव्हर ० मध्ये मागं कुणीच नसतं, तेव्हा आतली बाजू सोडायची नाही.

हायस्कूलचे खेळाडू एनएफएलचे (व्यावसायिक लीगचे) व्हिडिओ पाहून शिकतात, तेव्हा एक फरक निसटतो. एनएफएलमध्ये दोन हॅश मार्कांत (मैदानावरच्या ज्या खुणांवर किंवा ज्यांच्या मधे चेंडू ठेवून डाव सुरू होतो) १८ फूट ६ इंचच अंतर असतं, हायस्कूलमध्ये ५३ फूट ४ इंच, म्हणजे मैदानाच्या रुंदीचा बरोबर तिसरा हिस्सा. चेंडू हॅशवर असला की हायस्कूलमध्ये एक बाजू खूपच रुंद होते, आणि त्याच स्प्लिटचा अर्थ दोन बाजूंना वेगवेगळा लागतो.

दोन रिसीव्हर एकामागं एक उभे राहिले, तर पुढचा तुमच्या वाटेत येऊन मागच्याला मोकळं करणार, असं धरून चाला. दोन्ही बचावपटू एकाच रेषेत उभे राहिले की एकमेकांवरच आदळतात. एकानं पुढच्याला रेषेवरच रोखायचं, दुसऱ्यानं काही यार्ड मागं राहायचं, आणि कोण कुणाला घेणार हे स्नॅपआधी मोठ्यानं बोलायचं. १ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये (एनएफएलचा अंतिम सामना) सिएटल सीहॉक्सनी १ यार्डाच्या रेषेवरून हाच डाव टाकला. न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या ब्रँडन ब्राउनरनं पुढच्या जर्मेन कर्सला जागीच अडवलं. मागं उभ्या असलेल्या माल्कम बटलरची वाट त्यामुळं मोकळी राहिली, आणि रिकार्डो लॉकेटच्या स्लँटपुढं घुसून त्यानं चेंडू पकडला. हीच रचना त्याच्यासमोर सरावात येऊन गेली होती आणि तेव्हा तो हरला होता. पेट्रियट्स २८-२४ नं जिंकले.

स्नॅपनंतर डोळ्यांना एकच काम द्या. मॅन कव्हरेजमध्ये (प्रत्येकानं आपापला रिसीव्हर सांभाळायचा) नजर रिसीव्हरच्या कमरेवर. डोकं आणि खांदे फसवतात, कंबर सहसा फसवत नाही. बॅकफील्डकडं (क्वार्टरबॅक उभा असतो तिकडं) डोकावलात की तेवढ्यात तो एक पाऊल पुढं जातो. खोल पास बसण्यामागं बहुतेकदा हीच चोरटी नजर असते. कव्हर ३ मध्ये (खोल जागा तिघांत वाटलेली) मागं उभा असलेला कॉर्नर पहिली तीन पावलं क्वार्टरबॅकला पाहतो: तो तिसऱ्या पावलावर थांबून फेकायच्या तयारीत आला, तर पुढं झेप, मागं जातच राहिला, तर नजर रिसीव्हरवर आणि खोल जायचं. कव्हर ४ मध्ये (खोल जागा चौघांत वाटलेली) सेफ्टी साइडलाइनकडून दुसऱ्या रिसीव्हरला वाचतो: तो सरळ खोल आला तर त्याला घ्या, बाहेर वळला तर कॉर्नरच्या मदतीला जा.

सेफ्टीला ऑफेन्सिव्ह टॅकलचं (आक्रमणाच्या लाइनमधल्या कडेच्या खेळाडूचं) हेल्मेटही वाचता येतं. ते वर उठलं तर पास, खाली राहून पुढं आलं तर रन. पण आरपीओ (रन-पास ऑप्शन) डावात लाइन रनसाठी ब्लॉक करते आणि क्वार्टरबॅक तरीही पास टाकू शकतो. तिथं ही खूण दगा देते, म्हणून रिसीव्हर खरंच ब्लॉक करायला गेलाय का हे पाहिल्याशिवाय पुढं धावू नका.

व्हिडिओ पाहताना सगळे बावीस खेळाडू दिसतील असाच कोन निवडा. टीव्हीच्या कोनात सेफ्टी बहुधा चौकटीबाहेर असतो. प्रतिस्पर्ध्याच्या तीन-चार सामन्यांतले फक्त तिसरे डाउन आधी घ्या. स्नॅपआधी थांबवा, रूटचा अंदाज मोठ्यानं बोला, मगच पुढं चालवा. वहीत डाउन, अंतर, हॅश, रचना, स्प्लिट आणि रूट लिहा, आणि चुकलेल्या अंदाजांपुढं कोणती खूण निसटली तेही. मोशनसाठी (स्नॅपआधी रिसीव्हरनं जागा बदलणं) वेगळा रकाना ठेवा: रिसीव्हर सरकल्यावर बचावाची रचना कशी हलली, आणि मग चेंडू कुणाकडं गेला.