ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा: आधी नाव तपासा

फिरता फिरता काम करू देणारा हा व्हिसा (सबक्लास ४६२) भारतीयांसाठी २०२४ मध्ये खुला झाला. जागा वर्षाला फक्त १०००, म्हणून आधी सोडत. नोंदणीची फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. वय १८ ते ३०.

मी नाशिकहून नोंदणी केली तेव्हा पहिली ठेच नावानेच लागली. नोंदणीला पासपोर्ट आणि पॅन कार्ड दोन्ही लागतात. माझ्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे होतं, पॅनवर नुसतं आद्याक्षर. आपल्याकडे हा घोळ घरोघरी! म्हणून सोडतीची वाट न बघता पॅन आधी दुरुस्त करून घ्या. आणि पासपोर्टवर जसं आहे, अक्षरन् अक्षर तसंच नाव भरा.

नंबर लागला म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. फक्त अर्ज करायचं निमंत्रण येतं, आणि त्यानंतर हातात २८ दिवस. एवढ्यात इंग्रजीची परीक्षा द्यायची म्हटलं तर धावपळ होते. ती आधीच उरकलेली बरी. बारावीनंतरच्या किमान दोन वर्षांच्या शिक्षणाचे कागद हवेत. खात्यात साधारण ५००० डॉलर, शिवाय परतीच्या तिकिटाचे पैसे. मी एफडी आधीच मोडली. आई आठवडाभर बोलली नाही.

मुक्काम १२ महिने, पण एका मालकाकडे सहसा सहाच महिने काम करता येतं. मुलं सोबत नेता येत नाहीत.

‘सोडतीत नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला चहा पाजा, पैसे देऊ नका. निवड संगणक करतो.