सरकारी पर्यावरण वकील व्हायचंय? आधी नमुन्याची बाटली बघा

गेली 18 वर्षं मी सरकारच्या बाजूनं प्रदूषणाचे खटले चालवते आहे. नवीन मुलं विचारतात, कुठले कायदे वाचू? वाचाच. 1992 च्या रिओ पर्यावरण परिषदेच्या जाहीरनाम्यातलं 15वं तत्त्व सावधगिरीचं आणि 16वं प्रदूषण करणाऱ्यानं खर्च सोसण्याचं. ही दोन्ही नीट समजून घ्या. पण खटला टिकतो की पडतो, ते नमुन्याच्या बाटलीवर ठरतं.

माझा एक खटला असाच गेला. पाणी काळंकुट्ट, काठावर मेलेल्या माशांचा खच, साक्षीदार ठाम. उलटतपासणीत एकच प्रश्न आला: पंचनाम्यात वेळ 10:15, बाटलीच्या चिठ्ठीवर 11:40, मग ही बाटली नक्की कुठली? दोन्ही कागद कित्येक महिने माझ्याच फाइलमध्ये होते. मी ते शेजारी ठेवून कधी वाचलेच नव्हते. काठावरच्या माणसांसमोर त्या दिवशी मान वर करता आली नाही.

म्हणून पहिलं वर्ष नमुने घेणाऱ्या अधिकाऱ्यांबरोबर हिंडा. सामू (पीएच) आणि तापमान जागेवरच का मोजतात, बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात ते मोजण्याचा, नमुना बर्फात का ठेवतात, ते बघा. बाटलीतले जिवाणू प्राणवायू वापरत, घाण खात राहतात. गारव्यानं ते मंदावतात. बाटली उन्हात रेंगाळली तर प्रदूषण होतं त्याहून कमी दिसू शकतं. बीओडी चाचणी 20 अंश सेल्सिअसला 5 दिवस किंवा, आपल्याकडे सहसा, 27 अंशांना 3 दिवस चालते. दुसऱ्याच दिवशीचा अहवाल फाइलला लागलेला दिसला, तर तिथेच थांबा आणि विचारा. बाटली कुणाच्या हातून कुणाकडे गेली, याचा तारीख-वेळेसकट तक्ता स्वतः करा. कारकुनावर सोडू नका.

अहवाल आपल्या विरुद्ध असला तरी न्यायालयापुढे ठेवायचा. यात तडजोड नाही.

सगळ्यात अवघड जातं ते सरकारचंच दुसरं खातं नदीत मैलापाणी सोडत असतं तेव्हा. फोनवर गोड बोलून विषय मिटवू नका. मत लेखी द्या, फाइलवर राहू द्या.

आणि ‘योग्य ती कारवाई करावी’ असा आदेश कधीही मागू नका. सांडपाण्याचं कुठलं तोंड बंद करायचं, कुठल्या तारखेपर्यंत, पाण्यातल्या प्रदूषणाची पातळी किती हवी, मोजणार कोण, हे सगळं मसुद्यातच लिहून द्या. ती तारीख उलटली की अधिकाऱ्यांना घेऊन पुन्हा त्याच नाल्यावर जा. बाटल्या आणि बर्फ सोबत असू द्या.