स्लाइड हलत नाही? आधी या चुका टाळा

"माझ्या बोटांत जोरच नाही," असं म्हणत पिस्तूल टेबलावर ठेवून देणारे मी खूप पाहिलेत. गोळी भरायला पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढावी लागते आणि तिथेच ते अडतात. जोर असतो, पण तो भलत्या जागी खर्च होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हात लांब करून स्लाइडचं मागचं टोक चिमटीत धरून ओढणं. कॉम्पॅक्ट पिस्तुलाची स्लाइड आखूड आणि हलकी, म्हणून तिला पुढे ढकलणारी स्प्रिंग कडक. ती चिमटीला दाद देत नाही. आमच्या शूटिंग रेंजवर संधिवात असलेल्या एका काकूंना त्यांच्या मुलाने घाईघाईत हेच शिकवून आणलं होतं. तिसऱ्या खेपेला जोर लागावा म्हणून त्यांनी पिस्तूल छातीशी आडवं घेतलं. नळी थेट शेजारच्या लेनमधल्या माणसाकडे, बोट ट्रिगरवर! मी मनगट धरलं. पिस्तूल रिकामं होतं, पण ते मला नंतर कळलं.

मग मॅगझिन काढलं, चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची गोळी बसायची जागा, डोळ्यांनी आणि बोटानेही तपासली. काकू उजव्या हाताच्या, म्हणून पायांसकट त्यांना उजवीकडे वळवलं, डावा खांदा टार्गेटकडे. आता पिस्तूल छातीजवळ राहूनही नळी टार्गेटकडेच. डावा तळवा वरून स्लाइडच्या मागच्या भागावर, चारही बोटं पलीकडे घट्ट. स्लाइडवरची रिकामी पुंगळी बाहेर पडायची खिडकी मोकळी. "काकू, डावा हात हलवू नका. उजव्याने मूठ पुढे ढकला." खट्! काकूंनी आधी पिस्तुलाकडे पाहिलं, मग मुलाकडे.

मागे गेलेली स्लाइड हाताने हळूहळू पुढे आणू नका, सोडून द्या. नाहीतर गोळी चेंबरमध्ये नीट बसत नाही. काही पिस्तुलांत सेफ्टी, म्हणजे चुकून गोळी सुटू न देणारी कळ, लावलेली असली की स्लाइड हलतच नाही, उगाच झटापट करू नका. बाहेर हॅमर (मागचा घोडा) असेल तर तो आधी मागे घ्या, बराच भार उतरतो.

स्प्रिंगची वेटोळी कापून ती सैल करणाऱ्यांशी मी बोलणंच सोडलंय. स्लाइड फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या खालच्या सांगाड्यावर, आदळत राहते आणि गोळ्या अडकतात.

"लहान कॅलिबर घ्या, सोपं जाईल," हा सल्लाही डोळे झाकून ऐकू नका. .३८० कॅलिबरची ब्लोबॅक पिस्तुलं (ज्यांत स्लाइड फक्त स्प्रिंग आणि स्वतःच्या वजनाने बंद राहते), उदाहरणार्थ वॉल्थर पीपीके, कित्येक ९ एमएमपेक्षा ओढायला जड असतात. उलट स्मिथ अँड वेसन कंपनीची शील्ड ईझी ही पिस्तुलं मुद्दाम ओढायला हलक्या स्लाइडची बनवलेली आहेत. घेण्याआधी रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड स्वतः दहा वेळा ओढून बघा. विक्रेत्याने ओढून दाखवलेली मोजू नका.