स्ट्रॉबेरी आणि स्पार्कलिंग वाइन: गॅस न घालवता

व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये जुझेप्पे चिप्रियानी यांनी पांढऱ्या पीचचा गर आणि प्रोसेको ही इटलीची स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची, वाइन एकत्र करून जे पेय रूढ केलं, ते बेलिनी. पीचच्या जागी स्ट्रॉबेरी घातली की त्याला रोसिनी म्हणतात. पांढरा पीच पुण्याच्या बाजारात शोधत फिरण्यात अर्थ नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मात्र सव्वाशे किलोमीटरवरून येते, डिसेंबरपासून मार्चपर्यंत मंडईत आणि मार्केट यार्डात भरपूर असते. तिला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणून पुण्यातल्या घरात हे पेय रोसिनीच्या वाटेनेच करावं.

कृती वाचायला पाच मिनिटांची आहे, तरी ती बऱ्याच घरांत फसते. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: गॅस जातो. आंबट झालं तर साखर आहे, गोड झालं तर लिंबू आहे, पण ग्लासात पोचेपर्यंत उडालेला गॅस कशानेही परत येत नाही. त्यामुळे खाली जे सांगितलं आहे त्यातलं बरंचसं गॅस टिकवण्यासाठी आहे.

सहा ग्लासांसाठी

ब्रूट स्पार्कलिंग वाइन १ बाटली (७५० मिली)
देठ काढलेल्या पिकलेल्या स्ट्रॉबेरी ३५० ग्रॅम
साखर ३० ग्रॅम आणि पाणी ३० मिली
एका कागदी लिंबाचा रस, सुमारे १५ मिली
चिमूटभर मीठ

एका ग्लासात ४० मिली गर आणि ११० मिली वाइन. सहा ग्लासांना ६६० मिली वाइन लागते. उरलेली ९० मिली फेसात आणि चाखण्यात जाते, म्हणून एका बाटलीत आठ ग्लासांचा हिशोब धरू नये. १२ टक्के अल्कोहोलची वाइन असेल तर तयार पेय सुमारे ९ टक्क्यांचं होतं. ते बिअरपेक्षा जड आहे आणि गोडसर असल्यामुळे तसं जाणवत नाही, हे पाहुण्यांना आधी सांगावं. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं आहे. पार्टी १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, २ ऑक्टोबर किंवा विसर्जनाच्या आसपास असेल तर ड्राय डे बघून बाटली आधीच आणून ठेवावी.

कोणती बाटली

लेबलवर ‘ब्रूट’ हा शब्द हवा. ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपर्यंतच साखर असते, त्यामुळे फळाच्या गोडीला जागा मिळते. ‘एक्स्ट्रा ड्राय’ या नावाने बरेच जण फसतात. ड्राय म्हणजे कमी गोड, मग एक्स्ट्रा ड्राय त्याहून कमी, असं वाटतं. प्रत्यक्षात ती ब्रूटपेक्षा गोड असते, लिटरला १२ ते १७ ग्रॅम. ‘डेमी-सेक’ तर ३२ ते ५० ग्रॅमची. तिच्यात स्ट्रॉबेरीचा गर घातला की सरबत होतं.

महागडी शॅम्पेन यासाठी फोडू नये. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून, यीस्टच्या गाळावर महिनोन्महिने ठेवल्याने तिला पावासारखा जो नाजूक वास येतो, तो स्ट्रॉबेरीखाली पूर्ण दबतो. नाशिकच्या सुला ब्रूट किंवा शांदों ब्रूट या कामाला उत्तम आहेत. दोन्ही बाटलीत आंबवण्याच्या पारंपरिक पद्धतीनेच बनतात आणि त्यांचा गॅस जोरकस असतो. प्रोसेको टाकीत आंबवतात, तिचा दाब थोडा कमी आणि वास फळांचा. मिळाली तर चालेल. कॅनमधल्या गोड, कमी गॅसच्या वाइन्स टाळाव्यात. गर पडताच त्या निर्जीव होतात. (स्पार्कलिंग वाइन पुणे जिल्ह्याला नवी नाही. नारायणगावला शामराव चौगुले यांच्या वायनरीत १९८० च्या दशकातच ती बनत होती आणि ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशी जात होती.)

थंडावा

इथे कसूर केली तर पुढची सगळी मेहनत वाया. द्रव जितका थंड तितका गॅस त्यात विरघळून राहतो. ३० अंशांच्या द्रवात जेवढा कार्बन डायऑक्साइड मावतो, त्याच्या दुपटीहून जास्त शून्याच्या आसपास मावतो. म्हणून बाटली ४ ते ६ अंशांवर हवी. फ्रीजच्या दारात ठेवू नये, दार सतत उघडतं आणि तिथे थंडावा सगळ्यांत कमी. आतल्या बाजूला, मागच्या भिंतीजवळ रात्रभर ठेवावी. निदान पाच तास तरी.

घाई असेल तर बादलीत बर्फ, तेवढंच पाणी आणि मूठभर जाडं मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवावी. अर्ध्या तासात काम होतं. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण खड्यांमध्ये हवा राहते. पाणी मात्र काचेला सगळीकडून भिडतं. फ्रीझरमध्ये बाटली टाकून विसरणं धोक्याचं आहे. वाइन उणे ५-६ अंशांच्या आसपास गोठायला लागते, फुगते, आणि बूच उडतं किंवा काच फुटते.

गरही तितकाच थंड हवा. एप्रिलच्या दुपारी ओट्यावर ठेवलेल्या गरावर फ्रीजमधली वाइन ओतली की ग्लासातून फेस बाहेर येणारच.

गर

स्ट्रॉबेरी देठासकट धुवायची, कोरडी करायची आणि मगच देठ काढायचे. देठ आधी काढले तर पाणी आत शिरतं आणि गर फिका होतो. देठाजवळचा पांढरा भागही कापून टाकावा, तो बेचव असतो. दिसायला मोठी आणि चकचकीत फळं घेण्यापेक्षा वास येणारी घ्यावीत. पनेटवर (फळांच्या छोट्या डब्यावर) नाक टेकवून वास आला नाही तर त्या गरालाही येणार नाही. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही, त्यामुळे कच्ची आणून घरी ठेवण्याचा उपयोग नाही.

साखर आणि पाणी गरम करून साखर विरघळली की लगेच गॅस बंद करायचा. तार येऊ द्यायची नाही, उकळत ठेवायचं नाही. पाक पूर्ण गार करायचा. साखर थेट गरात घातली तर एखादा कण न विरघळता राहतो आणि अशा प्रत्येक कणावर बुडबुडे तयार होऊन गॅस झपाट्याने निघून जातो.

मिक्सर सलग फिरवू नये. ३-४ वेळा, दोन-दोन सेकंदांचे झटके पुरेत. जास्त फिरवलं की दोन गोष्टी बिघडतात: बिया भरडल्या जाऊन कडसर चव येते, आणि गरात हवा कोंडते. ती हवा नंतर ग्लासात फेस वाढवते. मग सूपच्या बारीक गाळणीतून चमच्याच्या पाठीने दाबून गाळायचं. पुरणयंत्राची जाळी या बियांना मोठी पडते. मलमलच्या कापडातून गाळलं तर फेस कमी येतो, पण हाती नुसता रस राहतो आणि जिभेवरचा मऊपणा जातो. ३५० ग्रॅम फळाचा अडीचशे मिलीच्या आसपास गर मिळतो.

गरात लिंबाचा रस, मीठ आणि निम्मा पाक घालून चाखायचं. उरलेला पाक फळाच्या गोडीप्रमाणे. नुसता खाताना जेवढा गोड बरा वाटतो त्यापेक्षा गर थोडा जास्त गोड हवा, कारण थंडपणात गोडी कमी लागते आणि ब्रूट कमी गोड असते. नेमका अंदाज घ्यायचा तर एक चमचा गर पावणेतीन चमचे थंड सोड्यात मिसळून चाखावा. सोड्यात किंचित गोडकडे झुकलेला गर वाइनमध्ये बरोबर लागतो, कारण वाइन स्वतःची आंबट चव आणते.

झाकून किमान तासभर फ्रीजमध्ये ठेवायचा आणि वर आलेला फेस चमच्याने काढून टाकायचा. गर शिजवू नये, जॅमचा वास लागतो. फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतो. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून महिनाभर ठेवता येतो, पण वापरताना पूर्ण वितळलेला हवा. गरातले बर्फकण बुडबुडे फोडतात.

बाटली उघडताना

पारंपरिक पद्धतीच्या बाटलीत सुमारे ६ बार दाब असतो, गाडीच्या टायरमधल्या हवेच्या अडीच-तीन पट. म्हणून बाटलीचं तोंड माणसांकडे, ट्यूबलाइटकडे किंवा खिडकीकडे नको. वरचं फॉइल काढा. तारेची कडी सैल करण्याआधीच अंगठा बुचावर ठेवा आणि शेवटपर्यंत उचलू नका. बाटली ४५ अंशांत तिरकी धरा, वरून रुमाल टाका, एका हाताने बूच घट्ट पकडा आणि दुसऱ्या हाताने बाटली बुडाकडून हळूहळू फिरवा. बूच स्वतःच वर येऊ लागलं की त्याला रोखून धरत सोडा. ‘फुस्स’ असा हलका आवाज यायला हवा. मोठा बार काढण्याची हौस असेल तर तेवढ्या गॅसला ग्लास मुकला असं समजावं. बाटली गाडीतून नुकतीच आणली असेल तर तासभर तरी उभी, शांत राहू द्या.

ग्लासात

१८० ते २०० मिलीचे उंच, अरुंद ग्लास सोयीचे. नसतील तर साधे वाइन ग्लास चालतात, पसरट वाटीसारखे नकोत. ग्लास फ्रीजमध्ये गार करावेत, फ्रीझरमध्ये नाही, कारण आतल्या काचेवर हिम धरलं की वाइन उसळते. पुसताना कापडाचे तंतू राहिले तरी तेच होतं. भांडी घासायच्या साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो आणि वासही येतो.

आधी ४० मिली गर. त्यावर ३० मिली वाइन, ग्लास तिरका धरून कडेने. लांब दांड्याच्या चमच्याने गर तळापासून एकदा-दोनदा वर उचलायचा. चमचा घुसळायचा नाही. गुलाबी फेस वर येईल. तो निम्मा खाली बसेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, थांबायचं. गरातले तंतू आणि पेक्टिन (फळातला चिकट घटक) फेसाला धरून ठेवतात, म्हणून हे थांबणं टाळता येत नाही. मग उरलेली ८० मिली वाइन दोन हप्त्यांत, कडेने. शेवटी चमचा एकदाच तळापर्यंत नेऊन सावकाश वर आणायचा. वाइन आधी आणि गर नंतर असा उलटा क्रम केला तर गर दाट असल्याने खाली बसतो, तो ढवळावा लागतो आणि गॅस जातो.

माणसं जास्त असतील तर सहाही ग्लासांत गर आणि पहिली वाइन ओळीने घालत जावं. सहाव्यापर्यंत पोचेस्तोवर पहिल्याचा फेस बसलेला असतो. जगमध्ये एकत्र करून ठेवायचं नाही. मिक्सर, शेकर किंवा झाकणाच्या बाटलीत वाइन घालून हलवणं तर अजिबात नको, दाबाने झाकण उडतं.

काय चुकलं ते ओळखायचं कसं

फेस उसळून बाहेर आला: गर किंवा ग्लास गरम होता, गर गाळला नव्हता, किंवा पहिल्या फेसानंतर थांबला नाहीत. वर पाणी आणि खाली लगदा दिसतोय: पहिल्या ३० मिलीत गर नीट सुटला नाही. चव पोकळ, पाणचट: फळात वास नव्हता, पुढच्या ग्लासात लिंबाचे चार थेंब आणि मिठाचे दोन-चार कण घाला, साखर नको. रंग विटकरी झाला: गर शिळा आहे किंवा लिंबू घालायचं राहिलं. ग्लासात बर्फ कधीही घालू नये. तो गॅसही घालवतो आणि पेय पातळही करतो.

स्ट्रॉबेरीचा मोसम संपल्यावर

डाळिंब सगळ्यांत सोपं, कारण त्यात लगदाच नाही. दाणे मिक्सरमध्ये जेमतेम फोडायचे, बिया भरडायच्या नाहीत, रस गाळून ३० मिली घ्यायचा. फेसाचा त्रास जवळपास नसतो, पहिल्यांदा करणाऱ्याने इथूनच सुरुवात केली तरी चालेल. एप्रिल-मेमध्ये हापूस: रस फार दाट असतो, म्हणून दोन भाग रसाला एक भाग थंड पाणी, गाळून, आणि ग्लासाला २५ मिलीच. पाक लागत नाही, लिंबू दुप्पट लागतं. जूनमधलं जांभूळ रंगाला अप्रतिम, पण तुरट. गराला पाक वाढवावा आणि मीठ थोडं जास्त. पुरंदरचं अंजीर मीठा बहाराचं (उन्हाळ्यात येणारं), पूर्ण पिकलेलं असेल तरच घ्यावं, लिंबाशिवाय ते सपक लागतं. मोसंबीचा रस काढून ठेवला की कडू होतो, तो ऐनवेळी काढावा. सीताफळाच्या वाटेला जाऊ नये. रवाळ गर फेस काढतो, काळा पडतो आणि त्याचा वास वाइनशी जुळत नाही.

न पिणाऱ्यांसाठी तोच ४० मिली गर, ५० मिली गाळलेला हिरव्या द्राक्षांचा रस आणि ६० मिली एकदम थंड सोडा, त्याच क्रमाने. लिंबाचे थोडे थेंब जास्त घालावेत, कारण वाइनचा आंबटपणा इथे नाही.

सोबत खारट, कुरकुरीत काहीतरी हवं: साबुदाणा वडा, खारे शेंगदाणे, बटाट्याचे वेफर्स. आंबटपणा आणि बुडबुडे तोंडातलं तेल धुऊन काढतात. श्रीखंड किंवा केक ठेवला तर त्यापुढे पेय आंबट लागेल. बाटली उरली तर तिच्या तोंडात चमचा अडकवून काही होत नाही. स्पार्कलिंगसाठी मिळणारं पकडीचं झाकण लावून बाटली फ्रीजमध्ये उभी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी संपवावी.