वेगवेगळ्या प्रोसेसरवर एकच उत्तर: फ्लोटिंग पॉइंटची पूर्वतयारी

सगळ्यात आधी, फ्लोटिंग पॉइंटच्या, म्हणजे दशांश आकड्यांच्या हिशोबात ‘सारखं उत्तर’ म्हणजे नेमकं काय हवंय ते ठरवा आणि प्रकल्पाच्या दस्तऐवजात लिहून ठेवा. बिट न् बिट सारखं हवं, की शेवटच्या एक-दोन अंकांचा फरक चालेल? अनेक यंत्रांनी एकाच वेळी पुढे न्यायचं सिम्युलेशन, रेकॉर्ड करून पुन्हा चालवायचा हिशोब किंवा निकालाच्या चेकसमवर (बिटांवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्यावर) चालणारी कॅश असेल, तर एका बिटाचा फरकही महागात पडतो. तसं काही नसेल, तर चाचण्यांमध्ये सहनसीमा ठेवून पुढचं निम्मं काम टाळता येतं. इथून पुढचं सगळं बिट न् बिट सारखं उत्तर हवं असणाऱ्यांसाठी आहे.

दोष सहसा हार्डवेअरचा नसतो, हे ध्यानात घेऊनच कामाला लागा. १९८५ सालापासून आयईईई ७५४ मानक बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांचं उत्तर अचूक राउंड होऊनच यावं असं सांगतं. एक्स८६-६४, एआरएम६४, रिस्क-फाइव्ह आणि पॉवर या सगळ्यांवर डबलची (६४ बिटांच्या दशांश आकड्याची) तीच क्रिया त्याच क्रमाने केली, तर तेच बिट मिळतात. फाटे फुटतात ते कंपायलर, गणिती लायब्ररी आणि क्रियांचा क्रम या तीन ठिकाणी.

गृहीतकं कंपाइल होतानाच तपासली जातील अशी सोय करा: पाया २, डबलचा मँटिसा (सार्थ अंकांचा भाग) ५३ बिटांचा, कमाल घातांक १०२४ आणि ‘एफएलटी_इव्हॅल_मेथड’ची (मधली उत्तरं किती बिटांत ठेवली जातात ते सांगणाऱ्या स्थिरांकाची) किंमत ०. या शेवटच्या ठिकाणी २ आलं तर ३२-बिट एक्स८६वर जुनं एक्स८७ युनिट वापरलं जातंय. ते मधली उत्तरं ८० बिटांत ठेवतं आणि रजिस्टर अपुरे पडले की ६४ बिटांत मेमरीत टाकतं. त्यामुळे एखादी निरुपद्रवी प्रिंटची ओळ घातली तरी उत्तर बदलतं. तिथे ‘-एमएसएसई२ -एमएफपीमॅथ=एसएसई’ द्या. लाँग डबलवर मात्र सरळ बंदी घाला. एक्स८६ लिनक्सवर तो ८० बिटांचा असतो, विंडोजच्या एमएसव्हीसीत आणि ॲपलच्या एआरएमवर ६४, एआरएम६४ लिनक्सवर सॉफ्टवेअरने चालणारा १२८ बिटांचा, तर पॉवरवर पारंपरिकरीत्या दोन डबलची जोडी. ही बंदी चाचण्यांत धरायला एक साधा शब्दशोध पुरतो.

आता फ्यूज्ड मल्टिप्लाय-ॲड, म्हणजे एफएमए. गुणाकार आणि बेरीज एकत्र करून राउंडिंग एकदाच करणारी ही क्रिया २००८च्या आवृत्तीत मानकात आली. ती स्वतः अधिक अचूक आहे; अडचण अशी की कंपायलर ती न विचारता घालतो. जीसीसी या कंपायलरचा नेहमीचा पवित्रा ‘फास्ट’, क्लँग या दुसऱ्याचा आवृत्ती १४ पासून ‘ऑन’. एआरएम६४वर ही सूचना मूळ संचातच आहे, एक्स८६-६४वर ‘-एमएफएमए’ किंवा तशी ‘-एमआर्च’ दिल्याशिवाय नाही. म्हणून तोच सोर्स, तेच फ्लॅग आणि उत्तरं दोन. उदाहरणार्थ, ‘ए गुणिले ए वजा बी गुणिले बी’चं वर्गमूळ घ्या, ए आणि बी दोन्ही ०.१, पण चालू प्रोग्राममध्ये वाचलेले. साध्या एक्स८६-६४वर दोन्ही गुणाकार सारखेच राउंड होतात आणि उत्तर शून्य येतं. एफएमए आलं की एकच गुणाकार राउंड होतो, दुसरा अखंड राहतो, आणि वजाबाकीत साधारण ०.८३ गुणिले १०चा उणे १८वा घात एवढा उरलेला दिसतो. कोणता गुणाकार अखंड राहिला त्यावर त्याचं चिन्ह ठरतं. ते उणे आलं की वर्गमूळ नॅन (‘हा आकडाच नाही’ अशी खूण), आणि तो नॅन पुढच्या सगळ्या हिशोबात पसरतो. यावर उपाय एका फ्लॅगचा आहे: ‘-एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ’, दोन्ही कंपायलरना, प्रत्येक फाइलला आणि बाहेरून आणून स्वतः बांधलेल्या लायब्ररींनाही. एफएमए खरोखर हवं असेल तिथे एफएमए फंक्शन हाताने लिहा. हार्डवेअरमध्ये सूचना नसली तरी चांगली लायब्ररी तेच उत्तर देते, फक्त हळू. एनव्हीसीसीसाठी, म्हणजे एनव्हिडियाच्या जीपीयूच्या कंपायलरसाठी, ‘--एफमॅड=फॉल्स’ लागतं, कारण तिथेही ते मुळात चालू असतं.

‘-एफफास्ट-मॅथ’ सगळ्या मेकफाइलमधून शोधून काढून टाका. ते क्रियांचा क्रम बदलू देतं आणि नॅन नाहीतच असं धरून नॅनच्या तपासण्याच गाळू शकतं. शिवाय जीसीसी १३च्या आधी या फ्लॅगने बांधलेली शेअर्ड लायब्ररी नुसती लोड झाली तरी एक्स८६वर त्या थ्रेडमध्ये सबनॉर्मल (शून्याच्या अगदी जवळचे, नॉर्मलहून लहान) आकडे शून्य धरायची सेटिंग चालू व्हायची. तुमचा कोड शुद्ध, आणि बिघाड परक्या प्लगइनमुळे! म्हणून सुरुवातीला आणि प्रत्येक परक्या लायब्ररीनंतर राउंडिंगची दिशा आणि ही सेटिंग तपासून पाहा: सगळ्यात लहान नॉर्मल डबलला चालू प्रोग्राममध्ये २ने भागा, उत्तर शून्य आलं तर कोणीतरी हात लावलाय. इंटेलचा कंपायलर मुळातच सैल असतो, त्याला ‘-एफपी-मॉडेल=प्रिसाइज’ द्या. ३२-बिट एआरएमच्या निऑन (वेक्टर) सूचना सबनॉर्मल नेहमीच शून्य करतात. तिथे हाताने लिहिलेला निऑन कोड बिट-सारखेपणाच्या यादीतून वगळावाच लागेल.

साइन, एक्सपोनेन्शियल, लॉग आणि पॉवर यांचं अचूक राउंडिंग मानकाने बंधनकारक केलेलं नाही, तिथे फक्त शिफारस आहे. त्यामुळे जीलिबसी, मसल, ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या लायब्ररी शेवटच्या बिटात वेगळं बोलू शकतात. एवढंच नव्हे, एक्स८६-६४वरची जीलिबसी प्रोसेसरमध्ये एफएमए आहे का ते पाहून चालू असतानाच वेगळी आवृत्ती निवडते; म्हणजे एकच बायनरी दोन पिढ्यांच्या प्रोसेसरवर वेगळं उत्तर देऊ शकते. सिस्टिमच्या लायब्ररीवर विसंबू नका. लागतात तेवढी फंक्शन्स सोर्ससकट प्रकल्पात ठेवा आणि त्याच फ्लॅगनी बांधा. अचूक राउंड करणारी कोअर-मॅथची फंक्शन्स यासाठी उत्तम. आणखी एक सापळा: स्थिरांकावरचं साइन जीसीसी कंपाइल होतानाच एमपीएफआर ही अचूक राउंड करणारी लायब्ररी वापरून काढून टाकतो, चालू प्रोग्राममधलं लायब्ररी काढते. दोन्ही जुळवण्यासाठी ‘-एफनो-बिल्टइन’ लागतं.

बेरजेचा क्रम कोडमध्ये पक्का करा. ०.१, ०.२, ०.३ डावीकडून मिळवले तर ०.६००००००००००००००१, उजवीकडून मिळवले तर ०.६. म्हणून मोठी बेरीज ठरावीक आकाराच्या तुकड्यांत करा आणि तुकडे ठरावीक क्रमाने मिळवा. ना तुकड्याचा आकार थ्रेडच्या संख्येवर अवलंबून असावा, ना वेक्टर रजिस्टरच्या रुंदीवर. ओपनब्लाससारख्या मॅट्रिक्स-गणिताच्या लायब्ररी प्रोसेसर पाहून कर्नल (हिशोबाचा गाभ्याचा कोड) निवडतात, तेव्हा निर्णायक हिशोबातलं मॅट्रिक्सचं काम तिथे सोपवू नका.

डबलवरून पूर्णांकात जाताना मर्यादा आधी तपासा. मर्यादेबाहेरचं रूपांतर सीमध्ये अपरिभाषित आहे, आणि प्रत्येक यंत्र आपापल्या परीने वागतं: नॅनला ३२-बिट पूर्णांक करायला सांगितलं तर एक्स८६ −२१४७४८३६४८ देतो, एआरएम ०, रिस्क-फाइव्ह २१४७४८३६४७. शून्य भागिले शून्यातून येणाऱ्या नॅनचं चिन्हही एक्स८६वर उणे, एआरएमवर अधिक. चेकसम काढण्याआधी सगळे नॅन एकाच ठरलेल्या बिटरचनेत आणा.

फाइलमध्ये डबल लिहिताना त्याचे ६४ बिट ‘मेमकॉपी’ने पूर्णांकात घ्या आणि बाइट लिटल-एंडियन क्रमाने (सगळ्यात कमी किमतीचा बाइट आधी) एकेक करून लिहा. मजकुरात लिहायचं असेल तर डबलला १७ आणि फ्लोटला ९ सार्थ अंक, किंवा ‘%ए’चं हेक्स रूप. लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) ‘सी’ ठेवा, नाहीतर दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम आला की वाचन तिथेच थांबतं.

चाचणीसाठी किमान एक्स८६-६४, एआरएम६४ आणि बिग-एंडियन (उलट बाइटक्रमाचं) म्हणून आयबीएम मेनफ्रेमचं एस३९०एक्स धरा. शेवटचं यंत्र हाताशी नसेल तर क्यूईएमयू या एम्युलेटरवर चालवा. प्रत्येकावर जीसीसी आणि क्लँग, ‘-ओ०’ आणि ‘-ओ३’ अशा चारही जोड्या लावा. फक्त अंतिम चेकसम ठेवू नका. प्रत्येक टप्प्याचा चेकसम हेक्समध्ये नोंदवा, म्हणजे फरक पहिल्यांदा कुठल्या टप्प्यावर पडला ते दोन नोंदी शेजारी ठेवताच दिसेल, आणि त्या टप्प्याच्या डिसअसेंब्लीत आधी ‘एफमॅड’ किंवा ‘व्हीएफएमॲड’ शोधा.