साठच्या दशकातील एखाद्या दिवसाचे दिनविशेष कसे लिहावे

दिनविशेष लिहिणारे बहुतेक जण आधी घटना गोळा करतात आणि तारीख गृहीत धरतात. वास्तविक ती तारीख कोणाच्या घड्याळाची, हे आधी ठरवावे लागते. २० जुलै १९६९ हा रविवार घ्या. ह्यूस्टनच्या वेळेनुसार अमेरिकेच्या अपोलो ११ मोहिमेचे चांद्रयान ‘ईगल’ दुपारी ३ वाजून १७ मिनिटांनी चंद्रावर उतरले आणि नील आर्मस्ट्राँग यांचे पाऊल रात्री ९ वाजून ५६ मिनिटांनी तेथे पडले, म्हणून अमेरिकेच्या लेखी दोन्ही घटना २० तारखेच्याच. भारतीय प्रमाणवेळेने मात्र पहिली मध्यरात्रीनंतर १ वाजून ४७ मिनिटांनी व दुसरी सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी घडली, म्हणजे दोन्ही २१ तारखेस, सोमवारी. पृथ्वीवरील घटनेला घटनास्थळाची तारीख द्यावी, हा नियम सहसा पुरतो; चंद्रावर स्थानिक वेळेची सोय नसल्यामुळे तेथे कोणती वेळ धरली आहे ते नोंदीतच सांगावे.

यानंतर त्या दिवशीचे नव्हे, तर दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र काढावे आणि आतली पानेही वाचावीत. अंकावरची तारीख आणि बातमीच्या आरंभी गावाच्या नावापुढे छापलेली तारीख या दोन निरनिराळ्या असू शकतात. नोंद करताना मजकुरातील ‘काल’ आणि ‘आज’ हे शब्द या दुसऱ्या तारखेशी ताडून पाहावेत. मोठी बातमी बाकीच्यांना झाकून टाकते. याच २० जुलैला तेव्हाचे उपराष्ट्रपती व कार्यवाहक राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला व सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला कार्यवाहक राष्ट्रपती झाले. पॅरिसमध्ये बेल्जियमचे सायकलपटू एडी मर्क्स यांनी आपली पहिली तूर द फ्रान्स जिंकली. चांद्रविजयाखाली या दोन्ही नोंदी हटकून सुटतात, आणि माझ्या मते दिनविशेषाची खरी गोडी अशाच नोंदींत असते.

जन्मांचे काम अधिक जिकिरीचे असते, कारण त्या दिवशी जन्मलेल्या मुलाची दखल कोणत्याही वर्तमानपत्राने घेतलेली नसते. येथे उलट्या दिशेने, म्हणजे चरित्रकोश आणि विश्वकोशांतून, शोध घ्यावा लागतो. एका कोशातली चूक दुसऱ्यात जशीच्या तशी उतरते, त्यामुळे दोन कोश जुळले म्हणजे तारीख सिद्ध झाली असे समजू नये. शाळेत नाव घालताना सोयीने लावलेल्या तारखाही पुढे अधिकृत होऊन बसतात. म्हणून शक्य तेथे जन्मनोंद किंवा त्या व्यक्तीचे स्वतःचे निवेदन पाहावे, आणि वर्षाबद्दलच मतभेद असेल तर नाव वगळावे.

लिहिताना नोंद एका वाक्यात आटोपावी: ‘१९६९ : अमेरिकन अभिनेते जॉश हॉलोवे यांचा जन्म.’ ‘आज ते अमुक वर्षांचे झाले’ असे लिहू नये. पुढच्याच वर्षी ते वाक्य खोटे ठरते.