थंडरबर्डमध्ये दोन-दोन 'सेंट' फोल्डर? डिलीट दाबण्याआधी या चुका टाळा

माझ्या मेव्हण्याचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणूक आली की पत्रकं. दिवाळीच्या तोंडावर त्याचा फोन आला, "दाजी, गिऱ्हाइकाला पाठवलेलं प्रूफ सापडत नाहीये. तो म्हणतो, तुम्ही पाठवलंच नाही." जाऊन बघितलं तर थंडरबर्डच्या, म्हणजे तो मेलसाठी वापरतो त्या प्रोग्रॅमच्या, डाव्या बाजूला 'सेंट', 'सेंट आयटम्स', 'सेंट मेसेजेस' असे तिघे एकाखाली एक बसलेले. खाली कचऱ्याचे डबेही दोन. प्रूफ 'सेंट आयटम्स'मध्ये होतं, आणि पसारा आवरायचा म्हणून तो नेमका तोच फोल्डर उडवायच्या बेतात होता.

पहिली चूक हीच. सारखी दिसणारी दोन नावं बघितली की आपण धरून चालतो की एक खरं आणि दुसरं त्याची नक्कल. मेलच्या बाबतीत बहुतेक वेळा तसं नसतं. दोन्ही फोल्डर खरे असतात आणि दोन्हींत वेगवेगळी पत्रं असतात.

कारण साधं आहे. खातं आयमॅपवर असेल, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून सगळीकडून बघायच्या पद्धतीवर, तर फोल्डर तुमच्या कॉम्प्युटरवर नसून मेल देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असतात, आणि प्रत्येक प्रोग्रॅम तिथे आपापल्या सवयीचं नाव ठेवतो. थंडरबर्ड 'सेंट' आणि 'ट्रॅश' म्हणतो. आउटलुकला 'सेंट आयटम्स' आणि 'डिलीटेड आयटम्स' हवे असतात. ॲपलचं मेल 'सेंट मेसेजेस' आणि 'डिलीटेड मेसेजेस' करून ठेवतं. मेव्हण्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर आउटलुक होतं, नव्यावर थंडरबर्ड आलं, मध्ये कधीतरी आयफोन जोडला गेला. तीन प्रोग्रॅम, तीन फोल्डर. 'हा फोल्डर पाठवलेल्या मेलचा, हा कचऱ्याचा' अशी खूण सर्व्हरनेच लावून द्यायची सोय आयमॅपमध्ये २०११ साली आली. पण ती सर्व्हरनेही पाळावी लागते आणि प्रोग्रॅमनेही, आणि त्याआधी साठलेले फोल्डर काही आपोआप एक होत नाहीत.

आधी ब्राउझर उघडा

थंडरबर्डमध्ये काहीही हलवण्याआधी त्याच खात्याचं वेबमेल ब्राउझरमध्ये उघडा. जो फोल्डर तिथेही दिसतो तो सर्व्हरवर आहे. तो थंडरबर्डमधून उडवलात तर फोनवरूनही जाईल आणि ऑफिसातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरूनही. जो फक्त थंडरबर्डमध्ये दिसतो त्याची गोष्ट वेगळी. तो 'लोकल फोल्डर्स'मधला असेल, म्हणजे पत्रं फक्त या एका मशीनच्या डिस्कवर आहेत आणि गेली तर कुठूनही परत यायची नाहीत. किंवा तो नुसता देखावा असेल.

देखावा म्हणजे 'युनिफाइड फोल्डर्स'. हा व्ह्यू चालू असला की सगळ्या खात्यांचे इनबॉक्स, सेंट, ट्रॅश वर एकत्र दिसतात आणि खाली ज्याच्या-त्याच्या खात्यातही दिसतात. लोकांना वाटतं मेल दोनदा उतरलाय. 'दुसरी प्रत' म्हणून वरच्या यादीतला मेल पुसला की खालचा, म्हणजे एकुलता एक मेल जातो. 'व्ह्यू' मेनूत 'फोल्डर्स'मध्ये जाऊन युनिफाइडची टिक काढा. अर्ध्या लोकांचं दुखणं इथेच बरं होतं.

'लोकल फोल्डर्स'खाली 'ट्रॅश' आणि 'आउटबॉक्स' कायम असतात. ते काढता येत नाहीत. त्यांच्या नादी लागू नका.

प्रत घ्या, मग नेमणूक बदला, मग मेल हलवा

क्रम महत्त्वाचा आहे, कारण इथे घाई केलेली नडते.

प्रत घेण्यासाठी 'हेल्प' मेनूतल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मधून प्रोफाइल फोल्डर (थंडरबर्ड आपला मेल आणि सेटिंग्ज ज्यात ठेवतो तो) उघडा, थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. चालू थंडरबर्डची कॉपी घेऊ नका. 'टूल्स'मध्ये एक्स्पोर्टची सोय आहे, पण प्रोफाइल २ जीबीच्या वर गेलं की झिप फाइल बनवण्यापेक्षा हाताने कॉपी केलेली बरी. छापखान्यासारख्या ठिकाणी २ जीबी म्हणजे काहीच नाही.

आता ठरवा, कुठला 'सेंट' ठेवायचा. माझं मत विचाराल तर वेबमेलवरून एक चाचणी मेल पाठवा आणि तो ज्या फोल्डरमध्ये पडेल तोच ठेवा, मग त्याचं नाव आवडो न आवडो. सर्व्हरच्या सवयीशी भांडण्यात अर्थ नसतो.

मग 'अकाउंट सेटिंग्ज'मध्ये 'कॉपीज अँड फोल्डर्स' उघडा. पाठवलेल्या मेलची प्रत कुठे ठेवायची, ड्राफ्ट कुठे, अर्काइव्ह कुठे हे तिथे ठरतं. 'अदर' निवडून तुमचा फोल्डर दाखवून द्या. हीच नेमणूक. कचऱ्याचा डबा मात्र या पानावर नाही. तो 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये आहे, मेल डिलीट केल्यावर कुठे हलवायचा या ओळीत. 'जंक'चं, म्हणजे नको असलेल्या मेलचं, पान तिसरंच. 'सेंट' नीट करून लोक उठतात आणि आठवड्याने 'ट्रॅश' दोन आहेत म्हणून फोन करतात, तो या वाटणीमुळे.

नेमणूक बदलल्यावरच जुन्या फोल्डरमधला मेल हलवायचा. आधी हलवलात तर थंडरबर्ड पुढचा मेल पुन्हा जुन्याच जागी टाकेल. मेल निवडून राइट क्लिक, 'मूव्ह टू'. वीस हजार मेल एकदम ओढू नका. मी चार-पाचशेचे गठ्ठे करतो आणि प्रत्येक गठ्ठ्यानंतर वेबमेलवर आकडा जुळतोय का ते बघतो. कंटाळवाणं काम आहे, पण मध्येच नेट गेलं तर कुठवर आलो होतो हे कळतं. जुना फोल्डर वेबमेलवरही रिकामा दिसला की मगच तो काढायचा.

जीमेलवाल्यांनी हे वेगळं वाचा

जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात. एका मेलला तीन लेबलं असली तर थंडरबर्डला तो तीन फोल्डरांत दिसतो. सर्व्हरवर मात्र मेल एकच. त्यावर पुन्हा 'ऑल मेल' आहे, ज्यात कचरा आणि स्पॅम सोडून सगळं काही असतं. थंडरबर्ड हे सगळे फोल्डर डिस्कवर उतरवत बसतो आणि जागा दुप्पट जाते. यावर उपाय जीमेलच्या वेबवरच आहे: सेटिंग्जमध्ये 'लेबल्स'च्या पानावर 'ऑल मेल'समोरची 'शो इन आयमॅप'ची टिक काढा. थंडरबर्डमधून 'ऑल मेल' नाहीसा होईल, मेल जिथल्या तिथे राहील.

जीमेलवर सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दुहेरी मेल काढणारं ॲड-ऑन (थंडरबर्डला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) सगळ्या फोल्डरांवर सोडणं. त्याच्या हिशेबी इनबॉक्समधला मेल आणि 'ऑल मेल'मधला मेल ही जोडी. ते 'ऑल मेल'मधली प्रत कचऱ्यात टाकतं, आणि प्रत म्हणजे मूळ मेलच असल्याने तो इनबॉक्समधूनही जातो. असं ॲड-ऑन वापरायचंच असेल तर एकावेळी एकाच फोल्डरवर चालवा.

दुसरी भानगड नकली ट्रॅशची. कधीतरी एखाद्या प्रोग्रॅमने जीमेलवर 'ट्रॅश' नावाचा स्वतःचा फोल्डर केलेला असतो. वेबवर तो चौकटी कंसात 'आयमॅप' आणि पुढे 'ट्रॅश' असा दिसतो. हे नुसतं लेबल. जीमेलचा खरा कचरा ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो, हा होत नाही. तुम्ही वर्षानुवर्षं मेल 'डिलीट' करता आणि १५ जीबी भरतच राहतात. 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये खरा ट्रॅश नेमून द्या, मग नकली ट्रॅशमधला मेल त्यात हलवा.

जीमेलची भाषा बदलली की आयमॅपवरची नावंही बदलतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ब्रिटिश इंग्रजी निवडली असेल तर 'ट्रॅश'चा 'बिन' होतो. भाषा मराठी केली तर नावं मराठीत येतात आणि थंडरबर्डची जुनी नेमणूक आता नसलेल्या फोल्डरकडे बोट दाखवत राहते. भाषा बदलल्यावर वरची सगळी पानं एकदा तपासा. आणि करड्या, तिरक्या अक्षरातला 'जीमेल' नावाचा जो फोल्डर दिसतो तो काढायच्या फंदात पडू नका. त्यात मेल ठेवताच येत नाही, बाकीच्या फोल्डरांना धरून ठेवणारं ते नुसतं कपाट आहे.

आणखी दोन खोडी

सगळेच फोल्डर इनबॉक्सच्या पोटात आणि बाहेर असे दोनदा दिसत असतील तर 'सर्व्हर सेटिंग्ज'च्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये आयमॅप सर्व्हर डिरेक्टरीचा रकाना बघा. स्वतःच्या डोमेनचा मेल देणाऱ्या काही सर्व्हरांवर सगळे फोल्डर 'इनबॉक्स' आणि टिंब या उपसर्गाखाली असतात. तिथे काय लिहायचं ते होस्टिंगवाल्याला विचारा, अंदाजाने लिहू नका. बदलल्यावर थंडरबर्ड बंद करून पुन्हा चालू करावा लागतो.

आणि एकच खातं पॉपनेही (मेल सर्व्हरवरून आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची पद्धत) जोडलंय, आयमॅपनेही, असं असेल तर दोन इनबॉक्स दिसणारच. इथे पॉपचं खातं काढायची घाई करू नका. सर्व्हरवर प्रत ठेवायची टिक नसेल तर जुना मेल फक्त त्या पॉपच्या फोल्डरांत असतो. आधी तो आयमॅपच्या खात्यात किंवा 'लोकल फोल्डर्स'मध्ये कॉपी करा, मोजा, मग पॉपला निरोप द्या. खातं काढताना 'रिमूव्ह मेसेज डेटा'ची टिक विचारली जाते, ती देऊ नका. डिस्कवरच्या फाइली राहू द्या, काही महिन्यांनी बघता येईल.

मेव्हण्याकडे तासाभरात सगळं एका 'सेंट'वर आलं, गिऱ्हाइकाला प्रूफही पाठवून झालं. चौथ्या दिवशी पुन्हा फोन, "दाजी, सेंट मेसेजेस परत आला." थंडरबर्डमधल्या नेमणुका जागच्या जागी होत्या. शेवटी कळलं, त्याच्या बायकोच्या आयफोनवर छापखान्याचं खातं अजून चालू होतं आणि रात्री ती तिथून बिलं पाठवत होती. त्या फोनच्या मेल सेटिंग्जमध्येही तोच 'सेंट' नेमून दिला, तेव्हा कुठे तो फोल्डर गेला.